डीजेइंगसाठी पहिला हेडफोन घेताना काय बघायचं (मुंबईतल्या नवीन पोरापोरींसाठी)

कंट्रोलर (गाणी मिसळायचं बटणा-नॉबचं यंत्र) घेतला, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं, गाणी भरली आणि हेडफोन मात्र घरात जो पडलेला होता तोच लावला, नवीन डीजेंचं बहुतेक वेळा असंच होतं. घरी ते चालून पण जातं. पण सोसायटीच्या गणपतीला नाहीतर कोळीवाड्यातल्या हळदीला बेसच्या शेजारी उभं राहिलं की त्याच हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकूच येत नाही, मग आवाज वाढवा, अजून वाढवा, तरी नाही, आणि शेवटी अंदाजाने फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. डीजेचा हेडफोन गाण्याची मजा घ्यायला नसतो. पब्लिकला अजून न ऐकवलेलं गाणं त्या सगळ्या गोंगाटात तुम्हाला एकट्याला स्वच्छ ऐकू यावं, एवढंच त्याचं काम. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या सुमारास ॲलेक्स रॉस्नर नावाच्या साऊंडवाल्याने एका क्लबसाठी मिक्सर बनवला, त्यात पुढची रेकॉर्ड हेडफोनवर आधी ऐकायची सोय होती, आजच्या कंट्रोलरवरचं क्यू बटण तेच काम करतं. तेव्हापासून गरज बदललेली नाहीये.

कोणी म्हणेल दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण आहे ना मग कशाला ऐकायचं. हाऊस-टेक्नो वाजवत असाल तर थोडंफार खरं आहे. पण आपल्याकडे हळदीला, साखरपुड्याला, दहीहंडीला जी गाणी मागतात त्यातली जुनी कोळीगीतं, लोकगीतं खरी ढोलकी खरे वादक घेऊन रेकॉर्ड झालेली आहेत, त्यांचा टेम्पो मध्येच जरा पळतो जरा बसतो, सॉफ्टवेअरने टाकलेली बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणा) दुसऱ्या कडव्यापर्यंत सरकलेली असते. तिथे सिंकवर भरवसा ठेवलात तर दोन ढोलक्या एकमेकींच्या अंगावर पडतात. कानाने ऐकूनच ते जुळवावं लागतं आणि त्यासाठी हेडफोन चांगला पाहिजे.

पायरी १: तुम्ही कुठे वाजवणार ते ठरवा

घरी प्रॅक्टिस, छोटा बार, हॉल, की उघड्यावर टेम्पो गाडीवरचं स्टेज? चौघांची गरज वेगळी आहे. मुंबईत लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो (ठराविक सणांना सरकार १२ पर्यंत सूट देतं ती वेगळी) आणि चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तर त्याआधीच शेजारी दार वाजवतात, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांची खरी प्रॅक्टिस रात्री हेडफोनवरच होते. म्हणजे तोच हेडफोन तासन्‌तास डोक्यावर राहणार. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पायरी २: बंद कपवालाच घ्या

हेडफोनच्या कपला मागून जाळी असते त्याला ओपन-बॅक म्हणतात, घरी शांत खोलीत ऐकायला तो सुंदर असतो पण डीजेइंगला पूर्ण बाद, बाहेरचा सगळा आवाज आत येतो. क्लोज्ड-बॅक पाहिजे. त्यात दोन प्रकार, ऑन-इअर म्हणजे पॅड कानावर टेकतं आणि ओव्हर-इअर म्हणजे पॅड कानाभोवती बसतं.

ऑन-इअर छोटा, हलका, एका कानावरून पटकन सरकवता येतो, घाम कमी साठतो. पण कानाच्या पाळीवर दाब येतो, चष्मा असेल किंवा कानात मोठं काही घालत असाल तर तासाभराने दुखायला लागतं. ओव्हर-इअर जास्त वेळ घालायला बरा, पण आपल्या हवेत आत अक्षरशः वाफ धरते. दोन्हीत चांगले वाईट आहेत. माझं मत विचाराल तर जास्त करून बाहेर वाजवणार असाल तर ऑन-इअर, जास्त करून घरी प्रॅक्टिस आणि सोबत स्वतःचे ट्रॅक बनवणार असाल तर ओव्हर-इअर.

नॉईज कॅन्सलिंगच्या जाहिरातीला इथे भुलू नका. ती टेक्नॉलॉजी विमानाच्या किंवा एसीच्या सलग घरघरीवर मस्त चालते, पण ढोल-ताशा, किक (बेस ड्रमचा ठोका), टाळ्या असले अचानक येणारे ठोके तिला तेवढे जमत नाहीत, वर बॅटरी संपायची भीती. आपल्याला पॅडने आणि दाबाने होणारं साधं आयसोलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज अडवणं, पाहिजे.

पायरी ३: एका कानाची परीक्षा

डीजे बराच वेळ एक कान हेडफोनमध्ये आणि एक कान बाहेर ठेवतो. त्यामुळे कप फिरणारा पाहिजे, किंवा निदान एक कप कानामागे सरकवला तरी दुसरा कप कानावर घट्ट बसून राहिला पाहिजे. दुकानात घालून बघा, एक कप मागे करा आणि मग खाली बघा, कारण तुम्ही अर्धा वेळ खाली कंट्रोलरकडेच बघत असता. हेडफोन पुढे घसरला तर तो नको. मान डावी-उजवीकडे जोरात हलवा, तरी जागेवर राहिला पाहिजे. खांदा आणि कानामध्ये कप दाबून धरायची स्टाईल दिसायला भारी वाटते पण सवय लावू नका, मान धरते, ज्या हेडफोनला बँडचा दाब नीट आहे त्याला हे करावंच लागत नाही.

केस बांधलेले असतील, टोपी घालत असाल, तर तसंच घालून ट्राय करा. हे छोटं वाटतं पण कार्यक्रमात चार-पाच तास तोच त्रास होतो.

अजून एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही. एकच कप कानावर ठेवलात तर गाण्याची एकच बाजू ऐकू येते, जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी एका बाजूला आणि घुंगरू दुसऱ्या बाजूला असेल तर अर्धा ताल गायबच. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा मिक्सरवर स्प्लिट क्यू आहे का बघून ठेवा, त्यात एका कानात पुढचं गाणं आणि दुसऱ्या कानात मास्टर (पब्लिकला ऐकू येणारा आवाज) येतो आणि दोन्ही मोनो होतात, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र ऐकू येते.

पायरी ४: वायरचाच घ्या, ब्लूटूथ नाही

इथे मी जरा जास्त वेळ घेणार कारण सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावरच येतात. "माझ्याकडे आधीच महागडा ब्लूटूथ हेडफोन आहे तो चालेल का?" नाही चालणार, आणि कारण साधं गणित आहे. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीट) गाण्यात एका बीटपासून दुसऱ्या बीटपर्यंत साधारण ४६९ मिलिसेकंद असतात. नेहमीच्या ब्लूटूथला आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही जे ऐकताय ते जवळजवळ अर्धी बीट शिळं. त्यावर प्ले दाबलंत तर मिक्स कसा बसणार? गेमिंगसाठी कमी लेटन्सीवाले (कमी उशीर करणारे) वायरलेस येतात, डीजेंसाठी पण खास ट्रान्समीटरवाले मॉडेल आता निघालेत, पण पहिल्या हेडफोनसाठी तो खर्च करू नका. ज्यात ब्लूटूथ पण आहे आणि वायर पण लावता येते असा असेल तर वायर लावून वापरा, प्रॉब्लेम नाही.

उशिराचाच दुसरा प्रकार उघड्यावर भेटतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो, म्हणजे मैदानात मेन स्पीकर तुमच्यापासून २० मीटर लांब असले तर त्यांचा आवाज तुमच्या कानात जवळपास ६० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेडफोनमधला मात्र लगेच. आता एक कान स्पीकरकडे एक कान हेडफोनमध्ये ठेवून तुम्ही मन लावून बीट जुळवलीत, तरी पब्लिकला ती सुटलेलीच ऐकू येणार. तुमचा कान खोटं बोलत नाहीये, अंतरामुळे होतंय. उपाय दोनच. साऊंडवाल्याला सांगून बाजूला एक छोटा मॉनिटर (डीजेसाठीचा स्पीकर) मागून घ्यायचा, किंवा दोन्ही कान झाकून क्यू-मिक्सचा नॉब (हेडफोनमध्ये पुढचं गाणं किती, चालू गाणं किती ते ठरवणारा) मध्ये ठेवून दोन्ही गाणी हेडफोनमध्येच जुळवायची. दुसरा उपाय करायचा तर हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसणारा आणि बऱ्यापैकी खरा आवाज देणारा लागतो, नुसता बेस फुगवलेला असला तर दोन किक एकमेकांत मिसळून चिखल होतो.

पायरी ५: वायर आणि जॅक

स्प्रिंगवाली म्हणजे कॉईल केबल घ्या, जुन्या लँडलाईनच्या रिसीव्हरला असायची तशी, लांब गेलात की ताणते आणि परत आलात की गोळा होते, पायात येत नाही. सरळ वायर घरी ठीक आहे. केबल काढता येणारी असेल तर फार चांगलं, कारण हेडफोनमध्ये सगळ्यात आधी मरते ती वायर. पण काढता येते म्हणजे कुठलीही ऑक्स वायर बसेल असं नाही, बऱ्याच कंपन्यांचं लॉक स्वतःचं असतं, तेव्हा घेतानाच विचारा की याची केबल वेगळी मिळते का.

जॅकचे दोन साईज, ३.५ मिमी आणि जाडा ६.३५ मिमी. डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या सुरुवातीच्या कंट्रोलरवर छोटं होल असतं, मोठ्या क्लब मिक्सरवर बहुतेक दोन्ही असतात, पण भाड्याने आलेल्या सेटअपवर काय असेल सांगता येत नाही. म्हणून छोट्या जॅकवर आटे असलेला, म्हणजे स्क्रूने बसणारा ॲडॅप्टर येतो तोच पाहिजे. नुसता खोचायचा ॲडॅप्टर मिक्सरमध्येच अडकून राहतो.

पायरी ६: बॉक्सवरचे आकडे

फार वेळ घालवू नका. ५० मिमी ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) लिहिलं म्हणजे ४० पेक्षा भारी असं अजिबात नाही. "५ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ" वगैरे पण सोडा, माणसाला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकूच येत नाही आणि वय वाढेल तसं वरचं अजून कमी होतं.

बघायचा तो आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचा, ओहममध्ये असतो. यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरच्या हेडफोन आऊटमध्ये दम कमी असतो, त्याला साधारण ३२ ते ८० ओहमचा हेडफोन ठीक पडतो. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, फुल आवाजात पण तो कार्यक्रमात ऐकू यायचा नाही. सोबत सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरवर किती मोठा वाजतो) जास्त असलेली बरी.

पायरी ७: घाम आणि पाऊस

हे परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही. मुंबईच्या हवेत रेक्झिनचे पॅड वर्ष-दोन वर्षांत पपडी धरून सुटायला लागतात, काळे तुकडे कानाला गालाला चिकटतात. तेव्हा हेडफोन निवडताना त्याचे पॅड वेगळे मिळतात का हे आवाजाइतकंच महत्त्वाचं आहे. ज्याचे पॅड मिळत नाहीत तो हेडफोन दोन पावसाळ्यांचा पाहुणा. वेलोरचे म्हणजे मखमली पॅड गार वाटतात पण त्यातून आवाज गळतो, आयसोलेशन कमी होतं, घाम पण पितात, म्हणून बाहेरच्या कामाला मी सुचवणार नाही.

कार्यक्रम झाला की पॅड कोरड्या कपड्याने पुसा आणि लगेच बॅगेत कोंबू नका, घरी येऊन वाऱ्यावर ठेवा, मगच डब्यात. जुलै-ऑगस्टमध्ये डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर बुरशीचा वास धरतो. सेंट, सॅनिटायझर पॅडला लावू नका.

पायरी ८: नावं

बजेटप्रमाणे सांगतो, भाव सेलप्रमाणे वर-खाली होतात म्हणून रुपये लिहीत नाही.

सेनहायझर एचडी २५ हा सगळ्यांना माहीत असलेला. १९८८ पासून चालू आहे, वायर सोडून वजन १४० ग्रॅम, ७० ओहम, ऑन-इअर, वरचा पट्टा दुभंगतो त्यामुळे एक कप कानामागे सरकवून पण पकड राहते. पण माझ्या दृष्टीने त्याचं खरं मोल यात आहे की पॅड, वायर, पट्टा, स्पीकर सगळं सुटं मिळतं आणि साधा माणूस घरी बदलू शकतो. दाब मात्र जास्त आहे, चष्मेवाल्यांनी आधी घालून बघावा. बाहेरचं काम करणार असाल आणि पैसे जमत असतील तर थोडे थांबा, साठवा आणि हाच घ्या.

ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ओव्हर-इअर, ३८ ओहम, कप ९० अंशात फिरतात, बॉक्समध्ये तीन वायरी येतात त्यात एक कॉईल. ट्रॅक पण बनवायचेत आणि वाजवायचं पण आहे अशांना हा बरोबर. त्याच्या खालचा एम४०एक्स बजेटमध्ये तेच काम बऱ्यापैकी करतो, कप त्याचे पण फिरतात. एम२०एक्स अजून स्वस्त, पण वायर कायमची जोडलेली आणि कप तसे फिरत नाहीत, घरी शिकायला ठीक.

पायोनियर डीजेचा एचडीजे-क्यू१ नवीन माणसासाठीच काढलेला ऑन-इअर आहे, कॉईल वायर, काढता येते. बजेट कमी असेल तर मी डोळे झाकून यापासून सुरुवात करा म्हणेन. त्यांचेच एक्स५, एक्स७, एक्स१० ओव्हर-इअर, वर वर जाल तसे मजबूत आणि महाग.

बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो घरी प्रॅक्टिसला फार आरामशीर, पण कप फिरत नाहीत आणि वेगवेगळ्या ओहममध्ये येतो, घेतलात तर ३२ किंवा ८० वाला.

याच्यापैकी काहीच परवडत नसेल तर? कुठलाही वायरवाला क्लोज्ड-बॅक घेऊन शिकायला लागा, शिकणं थांबवू नका. फक्त पहिला पैसेवाला कार्यक्रम घ्यायच्या आधी बदला.

पायरी ९: दुकानात

ऑनलाईन मागवण्याआधी एकदा तरी डोक्यावर घालून बघाच. लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, प्रो-ऑडिओची दुकानं आहेत, धोबीतलावला फुर्टाडोज आहे, तिथे डेमो पीस मिळाला तर सोनं. जाताना स्वतःचा कंट्रोलर-लॅपटॉप नेता आला तर उत्तम, नाहीतर फोन आणि टाईप-सी वाला डोंगल तरी. दोन-तीन गाणी अशी ठेवा की जी तुम्हाला पाठ आहेत, एक ढोलकीचं, एक जड किकचं, एक ज्यात टाळ्या आणि हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) स्वच्छ आहेत असं.

मग फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवा आणि दुकानदाराला विनंती करा, "दादा जरा मोठ्या स्पीकरवर दुसरं काहीतरी लावा ना." ही खरी परीक्षा. त्या आवाजात अर्ध्या व्हॉल्यूमवर तुम्हाला टाळी आणि हाय-हॅट मोजता आली तर तो हेडफोन तुमचा. नुसता बेस धपधप ऐकू येतोय आणि वरचं काही नाही तर ठेवून द्या, बीट जुळवताना कान पकडतो तो वरचा टिकटिक आवाज, बेस तर बाहेरच्या स्पीकरमधून छातीत येतच असतो. त्यानंतर पंधरा मिनिटं तसाच घालून इतर सामान बघत फिरा, दुखलं तर कळेल.

नावाजलेल्या मॉडेलचे डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत आणि दिसायला हुबेहूब असतात. बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर आहे का बघा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. बिल नसेल तर वॉरंटी नाही, मग दोन हजार स्वस्त मिळून उपयोग काय. सेकंडहँड घेत असाल तर वायर जॅकपाशी आणि कपपाशी वाकवून बघा, आवाज तुटला तर वायर गेली, ते सोल्डर करून होतं आणि लॅमिंग्टन रोडला करून देणारे आहेत, पण ड्रायव्हर फाटल्यासारखा खरखरत असेल तर सोडून द्या.

पायरी १०: आवाज किती ठेवायचा

यावर मी कळकळीने सांगतो. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबल आठ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ अर्धा. म्हणजे ८८ ला चार तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. आपण बेसच्या शेजारी चार तास उभे असतो आणि वर हेडफोन त्याच्याहून मोठा करतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

म्हणून क्यूचा आवाज नेहमी शून्यापासून वर आणा, वरून खाली नाही. बीट ओळखू आली की थांबा. मिक्स झाला की लगेच हेडफोन मानेवर घ्या, आवाज कमी करा. जो कान बाहेर उघडा असतो त्यात इअरप्लग घाला, संगीतवाल्यांसाठी फिल्टरचे मिळतात ज्यात गाणं घुमत नाही, सगळंच सारखं कमी होतं. कान आलटून पालटून वापरा. स्पीकरच्या सरळ तोंडासमोर टेबल लावू देऊ नका, साऊंडवाल्या दादाला आधीच फोन करून सांगा, कार्यक्रमाच्या दिवशी जागा हलवायला कोणी तयार नसतं. आणि घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, सकाळपर्यंत जात नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, केईएम, सायन, नायर कुठेही ईएनटी ओपीडी आहे.

बॅगेत एक जादा ६.३५ चा ॲडॅप्टर, एक जादा केबल आणि एक साधा वायरवाला इअरफोन ठेवा. ऐन नवरीच्या एन्ट्रीला वायर गेली तर तो इअरफोन लावून पुढचं गाणं काढता येतं.